गुठळीची वाट पाहू नका: ल्युपस रुग्णांच्या तपासण्या ठरवणाऱ्या समितीला खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
ल्युपस रुग्णांच्या प्राथमिक तपासण्यांची यादी ठरवणारी समिती

सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षांपासून ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची, रुग्ण आहे. आज माझे वय ३४ आहे. गेल्या महिन्यात तुमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर नवी यादी लागली. ल्युपसचे निदान झाले की पहिल्यांदा कोणत्या रक्ततपासण्या करायच्या, त्याची ही यादी. एएनए आहे, डीएस-डीएनए आहे, सी-३, सी-४, हिमोग्राम, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने, सगळे आहे. आधीच्या यादीत असलेल्या तीन तपासण्या मात्र नाहीत: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. गुठळीचा धोका वाढवणाऱ्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने) रक्तात आहेत का, हे त्या सांगतात. त्यांच्याबद्दल खाली बारीक अक्षरांत टीप आहे, "रक्ताची गुठळी किंवा वारंवार गर्भपात झाल्याचा इतिहास असल्यासच."

ती टीप मी फलकासमोर उभी राहून तीनदा वाचली. माझ्या निदानाच्या वेळी या तपासण्या यादीत नव्हत्या. चार वर्षांपूर्वी त्या आल्या, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते, कारण माझ्यानंतर येणाऱ्या मुलींची तरी फसगत होणार नाही असे वाटले. आता त्या पुन्हा गेल्या. म्हणून हे पत्र. ते तुम्हाला उद्देशून आहे, पण ज्यांना ल्युपस आहे आणि ज्यांच्या घरात कुणाला ल्युपस आहे, त्या सर्वांनी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आधी माझी हकिगत, कारण माझा या विषयाशी संबंध पुस्तकातून आलेला नाही.

निदान झाले तेव्हा मी २३ वर्षांची होते. सांधे दुखत, गालांवर चट्टा, केस गळत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचे नेहमीचे औषध सुरू झाले आणि मी बऱ्यापैकी सावरले. २६व्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधीच्या तपासणीत एपीटीटी वाढलेला आला, ५२ सेकंद. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा ३५ होती. एपीटीटी म्हणजे नळीतले रक्तद्रव्य गोठायला किती वेळ घेते त्याचे मोजमाप. मला सांगण्यात आले, "तुमचे रक्त उशिरा गोठते, रक्तस्राव होऊ शकतो, जपून राहा." शस्त्रक्रिया पुढे ढकलली. त्याच फाइलमध्ये आणखी एक कागद होता. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची प्राथमिक तपासणी, माझ्या बाबतीत किंचित पॉझिटिव्ह आली होती. त्यानंतरची खातरजमा करणारी तपासणी निगेटिव्ह आली. पण त्या दोन तपासण्यांच्या मधल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला आणि मला जे प्रश्न विचारले गेले, ज्या नजरेने विचारले गेले, ते मी अजून विसरलेले नाही.

हे दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत होते. व्हीडीआरएलच्या रसायनात कार्डिओलिपिन नावाचे स्निग्ध द्रव्य असते आणि ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात कार्डिओलिपिनला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात, म्हणून ती तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते. एपीटीटीसाठी नळीत फॉस्फोलिपिड, म्हणजे त्याच जातीचे स्निग्ध द्रव्य, घालतात. याच कुळातल्या अँटिबॉडी त्या फॉस्फोलिपिडला अडवून बसतात, म्हणून वेळ वाढतो. माझे रक्तद्रव्य निरोगी माणसाच्या रक्तद्रव्यात मिसळून तीच तपासणी पुन्हा केली असती, तर एका दिवसात कळले असते की माझ्यात गोठवणारा घटक कमी नाही, काहीतरी अडथळा आणणारे आहे. ते कुणी केले नाही. मी तर मनातून निश्चिंत झाले होते. रक्त उशिरा गोठत असेल तर गुठळी होण्याची भीती नाही, असा माझा साधा हिशेब होता. आणि तसे मला वाटू नये, असे कुणी सांगितलेही नाही.

त्यानंतर वर्षभराने पाळीच्या त्रासासाठी मला इस्ट्रोजेन, म्हणजे गुठळीचा धोका वाढवणारे संप्रेरक, असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या गेल्या.

२८व्या वर्षी डावी पोटरी दुखायला लागली. सूजही होती. "ल्युपसचेच असेल" म्हणून वेदनाशामक गोळी मिळाली. चौथ्या दिवशी जिना चढताना दम लागला, श्वास घेतला की छातीत सुरी खुपसल्यासारखे व्हायचे. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या दिसल्या. मी वाचले. अतिदक्षता विभागातल्या ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी मला वाचवले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. माझे म्हणणे त्याआधीच्या दोन वर्षांबद्दल आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या टीपेबद्दल आहे. "गुठळी झाली असेल तरच तपासा" हा नियम ऐकायला काटकसरीचा वाटतो. पण या अँटिबॉडी कुठेही दुखत नाहीत, ताप आणत नाहीत, त्यांचा चट्टा उठेलच असे नाही. अनेकदा त्यांचे पहिले लक्षण म्हणून गुठळीच होते. ती पायात होईल, फुप्फुसात होईल, तिशीतल्या बाईच्या मेंदूत होईल. जिथे पहिले लक्षण हाच अपघात आहे, तिथे लक्षणाची वाट पाहायला सांगणे म्हणजे अपघाताची वाट पाहायला सांगणे आहे.

आणि गोष्ट इथे संपत नाही. गुठळी झाल्यावर तपासू म्हणता, पण तेव्हा ही तपासणी नीट होत नाही. तिन्हींपैकी गुठळीच्या धोक्याशी सर्वांत घट्ट नाते असलेली तपासणी ल्युपस अँटिकोॲग्युलंटची आहे, आणि नेमकी तीच गुठळीवर देतात त्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधांनी बिघडते. हेपॅरिन सुरू असेल तर बिघडते, वॉर्फरिन सुरू असेल तर अर्थ लावणे कठीण होते, रिव्हरॉक्साबानसारख्या नव्या गोळ्यांनी ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अंगात मोठा दाह असेल, दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला असेल, तरी निकालावर विश्वास ठेवता येत नाही. माझा नमुना हेपॅरिनच्या तिसऱ्या दिवशी घेतला. अहवालावर लिहून आले, "अर्थ लावता येत नाही." म्हणजे ज्या दिवशी हे उत्तर सर्वांत जास्त हवे होते, त्या दिवशी ते मिळण्याची वेळ निघून गेली होती. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या दोन्हींना औषधांची तितकी बाधा होत नाही, हे खरे. पण तेव्हा त्याही कुणी मागवल्या नाहीत.

त्या न मिळालेल्या उत्तराची किंमत पुढे मोजावी लागली. माझ्यात कोणत्या अँटिबॉडी आहेत हे माहीत नसल्यामुळे घरी जाताना मला रिव्हरॉक्साबान दिले गेले. सोयीचे औषध आहे, सारखी रक्ततपासणी करावी लागत नाही. पण ज्यांच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असतात, त्यांच्यासाठी ते योग्य नाही. अशा रुग्णांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वॉर्फरिन घेणाऱ्यांपेक्षा रिव्हरॉक्साबान घेणाऱ्यांत इतके अधिक त्रास झाले की तो वेळेआधी थांबवावा लागला. २०१९ साली युरोपच्या औषध नियामकाने तसा इशाराही दिला. माझ्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आहेत हे मला पाच महिन्यांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडे कळले. तेव्हा गोळी बदलून वॉर्फरिन आले, आयएनआर, म्हणजे वॉर्फरिनचा परिणाम मोजणारा आकडा, दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा. ते पाच महिने मी चुकीच्या औषधाच्या भरवशावर वावरत होते.

दुसरी तक्रार. तुमच्या विभागातून मला तोंडी असे कारण सांगण्यात आले की या अँटिबॉडी असलेल्या अनेकांना कधीच गुठळी होत नाही, मग निष्कारण भीती कशाला घालायची, आणि निकाल आला तरी उपचार काही बदलत नाहीत. यातला पहिला भाग मला मान्य आहे. ल्युपसच्या साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांमध्ये या अँटिबॉडी सापडतात आणि त्या सर्वांना गुठळी होत नाही. पण सगळे पॉझिटिव्ह सारखेही नसतात. एकच अँटिबॉडी, तीही कमी प्रमाणात, एक गोष्ट झाली. ल्युपस अँटिकोॲग्युलंट असणे, तिन्ही असणे, प्रमाण मोठे असून महिनोन्महिने टिकणे, ही वेगळी गोष्ट झाली. कुणाला घाबरायचे कारण आहे आणि कुणाला नाही, हे तपासल्याशिवाय कसे सांगणार? भीती कमी करण्याचा मार्गही तपासणीतूनच जातो.

उपचार बदलत नाहीत हे मात्र मला अजिबात मान्य नाही. निकाल माहीत असता तर मला इस्ट्रोजेनची गोळी कुणी दिली नसती. फक्त प्रोजेस्टिनची गोळी किंवा गर्भाशयात बसवायचे साधन सुचवले असते. पोटरी सुजली तेव्हा वेदनाशामकाऐवजी डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, झाली असती. शस्त्रक्रिया आणि अंथरुणाला खिळण्याच्या काळात गुठळी टाळण्यासाठी हेपॅरिनचा विचार झाला असता. गरोदरपण ठरवताना ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची चर्चा आधी झाली असती, गर्भ गमावल्यानंतर नव्हे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१९च्या शिफारशींत ल्युपस असलेल्या आणि जास्त धोक्याच्या अँटिबॉडी असलेल्या रुग्णांना, गुठळी झालेली नसतानाही, रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुचवले आहे. पहिली गुठळी टाळण्यात ॲस्पिरिन किती उपयोगी पडते यावर तज्ज्ञांत वाद आहे, रक्तस्रावाचा धोकाही तोलावा लागतो, हे मी जाणते. तो तोल डॉक्टरांनी रुग्णाबरोबर बसून सांभाळायचा आहे. पण त्यासाठी आधी तराजूत ठेवायला काहीतरी हवे. (ही ओळ वाचून कुणीही स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर स्वतःच्या मनाने बंद करूच नये.)

तिसरी तक्रार नावाबद्दल आहे. ते नाव तुम्ही ठेवलेले नाही, पण ते समजावून सांगणे तुमच्या हातात आहे. "ल्युपस अँटिकोॲग्युलंट" ऐकले की वाटते, रक्त गोठू न देणारे काहीतरी. १९५२ साली अशा रुग्णांचे पहिले वर्णन झाले, तेव्हा नळीत रक्त उशिरा गोठते हेच डोळ्यांत भरले होते. १९६३ साली लक्षात आले की हा अडथळा असूनही ल्युपसच्या रुग्णांना गुठळ्या होतात. तरीही १९७२ साली हेच नाव रूढ झाले. नळीत जी अँटिबॉडी गोठण्याला उशीर लावते, तीच शरीरात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि प्लेटलेटना चेतवून गुठळी घडवते. १९८३ साली ब्रिटिश संधिवाततज्ज्ञ ग्रॅहम ह्यूजेस यांनी हा आजार, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, वेगळा मांडला, अँटिकार्डिओलिपिन मोजण्याची पद्धतही त्याच वर्षी आली. म्हणजे मला "तुमचे रक्त उशिरा गोठते, जपून राहा" असे सांगितले गेले, तेव्हा हे ज्ञान तीन दशके जुने झाले होते. प्लेटलेट कमी असलेल्या मैत्रिणींनाही असेच सांगतात, की तुम्हाला गुठळीची भीती नाही. या अँटिबॉडी असतील तर प्लेटलेट कमी असूनही गुठळी होते. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

चौथी तक्रार प्रयोगशाळेची. ल्युपस अँटिकोॲग्युलंटच्या एका तपासणीत घोणस सापाचे विष अगदी पातळ करून वापरतात. ते गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट जागे करते. इतकी नाजूक ती तपासणी आहे. नमुना रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत घ्यायचा, दोनदा सेंट्रिफ्यूज करायचा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवायचा, कारण रक्तद्रव्यात प्लेटलेट राहिल्या तर त्यांच्यातले फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला झाकून टाकते आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. एक पद्धत पुरत नाही, दोन लागतात, आणि प्रत्येकीत चाळणी, मिश्रण आणि खातरजमा असे टप्पे आहेत. माझ्या सहा वर्षांतल्या अहवालांपैकी एकावरच मी कोणते औषध घेत होते याची नोंद आहे. बाकी अहवालांवर नुसते आकडे. तो आकडा घेऊन रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो.

पाचवी, थोडक्यात. एकदाच तपासून कायमचा शिक्का मारणे चूक आहे आणि एकदा निगेटिव्ह आले म्हणून कायमचे विसरणेही चूक आहे. साध्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी काही आठवडे दिसून नाहीशा होतात. म्हणूनच अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या २००६च्या निकषांनी दोन तपासण्यांत किमान १२ आठवड्यांचे अंतर सांगितले. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने एका अहवालावर तीन वर्षे धास्तीत काढली. दुसऱ्यांदा तपासले तेव्हा काहीच नव्हते.

आता मागण्या. या सहा गोष्टी तुमच्या अधिकारात आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते.

१. ल्युपसचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या तपासण्यांत या तिन्ही तपासण्या परत घ्या. फलकावरची ती टीप काढा.

२. पॉझिटिव्ह निकाल किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. निगेटिव्ह असेल तर गरोदरपणाआधी, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, इस्ट्रोजेन सुरू करण्याआधी आणि मेंदूशी किंवा रक्तवाहिन्यांशी संबंधित नवा त्रास झाल्यास पुन्हा तपासा.

३. ल्युपसच्या कोणत्याही स्त्रीला या तपासण्यांचे निकाल पाहिल्याशिवाय इस्ट्रोजेनची गोळी लिहून देऊ नका. हा नियम स्त्रीरोग विभागालाही लेखी कळवा. मला ती गोळी देणाऱ्यांना मला ल्युपस आहे हे माहीत होते, पण त्यापुढचा प्रश्न विचारायचा असतो हे माहीत नव्हते.

४. कारण न कळलेला वाढीव एपीटीटी किंवा खोटी पॉझिटिव्ह व्हीडीआरएल ल्युपसच्या रुग्णात दिसली, तर फाइल संधिवात विभागाकडे आपोआप जाईल अशी व्यवस्था करा. गुठळीचा रुग्ण आला तर शक्य असेल तेव्हा हेपॅरिनआधीच नमुना काढून ठेवा. त्यासाठी उपचाराला एक मिनिटही उशीर होऊ नये, हेही त्याच नियमात लिहा.

५. तपासणीच्या मागणीपत्रावर रक्त न गोठू देणाऱ्या औषधांचा रकाना सक्तीचा करा आणि अहवालावर आकड्यासोबत दोन ओळींत अर्थ लिहा.

६. निकाल रुग्णाला त्याच्या भाषेत, कागदावर द्या. त्या कागदावर लिहा: एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काही झाले तर ल्युपसचे असेल म्हणून घरी थांबू नका, लगेच या. मला असा एक कागद मिळाला असता तर मी ते चार दिवस पोटरीला शेक देत बसले नसते.

तुमच्यावर भार किती आहे ते मी दर तीन महिन्यांनी रांगेत बसून पाहते. यादी लहान करण्याचा दबाव तुमच्यावर आला असेल, तोही मी समजू शकते. पण ल्युपस दहापैकी नऊ वेळा बायकांना होतो, आणि बहुधा मुलांना जन्म देण्याच्या वयात होतो. याच वयात गोळ्या, गरोदरपण, बाळंतपण येते आणि प्रत्येकाने गुठळीचा धोका वाढतो. यादीतून काय काढायचे याचा विचार करताना समोर बसलेली रुग्ण कोण आहे हे पाहिले गेले का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला लेखी हवे आहे. या निर्णयामागे जो विचार झाला असेल, जी कागदपत्रे पाहिली गेली असतील, ती त्याच फलकावर लावा. निर्णय बदलणार नसाल तर त्याचे कारणही तिथेच लावा. पुढच्या बैठकीत एक रक्तविकारतज्ज्ञ आणि निदान दोन रुग्ण असावेत, अशीही विनंती आहे. मी यायला तयार आहे. माझी पूर्ण फाइल तुमच्यापुढे ठेवायला माझी हरकत नाही.

या महिन्यात नव्याने निदान झालेली एक मुलगी मला प्रतीक्षाकक्षात भेटली. विशीतली आहे. तिने तिची यादी दाखवून विचारले, "ताई, एवढ्या पुरे ना?" मी तिला त्या तिन्ही तपासण्यांची नावे तिच्या कागदाच्या मागे लिहून दिली आणि डॉक्टरांना विचारायला सांगितले. तिचा निकाल अजून यायचा आहे.

आपली,
ल्युपसची एक रुग्ण

सोबत जोडले आहे (नावे झाकून):
शस्त्रक्रियेआधीचा एपीटीटी अहवाल.
त्याच सुमाराचे व्हीडीआरएल आणि खातरजमेचे अहवाल.
हेपॅरिन सुरू असताना घेतलेल्या नमुन्याचा, "अर्थ लावता येत नाही" असा शेरा असलेला अहवाल.
तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असल्याचे १२ आठवड्यांच्या अंतराने आलेले दोन अहवाल.